क्लच स्लिप + आयडलिंगला खडखड: प्लेटा संपल्या की बास्केट गेलं?

#१ फिरस्ता_एकशेपन्नास
मंडळी, क्लचबद्दल मदत हवी आहे, जरा सविस्तर लिहितो. १५० सीसी सिंगल सिलिंडर, ऑइलमधे बुडालेला मल्टिप्लेट क्लच, प्रायमरीला (इंजिनचा जोर क्लचकडे नेणारा भाग) चेन नाही, गिअर आहे. तक्रारी दोन. टॉप गिअरमधे चढाला थ्रॉटल दिला की इंजिन नुसतं ओरडतं, गाडी त्या मानाने पुढे जातच नाही, खालच्या गिअरमधे मात्र काही जाणवत नाही. दुसरी म्हणजे इंजिन गरम झालं की न्यूट्रलमधे आयडलिंगला उजव्या बाजूने खडखड येते, क्लच लिव्हर दाबला की आवाज गायब, सोडला की परत सुरू. मेकॅनिकने उभ्या उभ्या ऐकून सांगितलं की प्लेटा गेल्या, पूर्ण सेट टाकून घ्या. खोलायला माझी ना नाही, पाने आहेत, मॅन्युअल आहे, पण नक्की काय झिजलंय ते कळल्याशिवाय पार्ट आणायचे नाहीयेत. सुरुवात कुठून करू?

#२ पाना_दहाबारा
आधी विचारलंत ते उत्तम केलंत. या दोन तक्रारी वेगवेगळ्या आहेत आणि दोन्ही एकाच पार्टमुळे आहेत असं धरून चालू नका, नाहीतर नवीन प्लेटा टाकाल, स्लिप जाईल आणि खडखड तशीच राहील, मग परत कव्हर खोला.

आत काय चालतं ते डोळ्यासमोर आणा म्हणजे आवाजाचा अर्थ लागेल. क्रँकच्या (पिस्टन फिरवतो त्या मुख्य शाफ्टच्या) टोकाला छोटा गिअर, तो बास्केटच्या (प्लेटा ज्यात बसतात त्या क्लचच्या बाहेरच्या टोपलीच्या) मागचा मोठा गिअर फिरवतो. इंजिन चालू आहे तोपर्यंत बास्केट फिरतंच, लिव्हर दाबा नाहीतर सोडा. बास्केटच्या बोटांमधे फ्रिक्शन प्लेटा अडकलेल्या असतात, मधल्या हबवर स्टीलच्या प्लेटा, आणि हब बसलेलं असतं गिअरबॉक्सच्या शाफ्टवर. लिव्हर सोडलेला असताना स्प्रिंगा सगळं एकत्र दाबून धरतात, म्हणजे न्यूट्रलला सुद्धा बास्केटच्या मागे हब आणि शाफ्टचं वजन लटकलेलं असतं. सिंगल सिलिंडरचा क्रँक आयडलला एकसारखा फिरत नाही, दर स्फोटाला झटका देतो, आणि तो झटका खाण्यासाठी मोठा गिअर आणि बास्केट यांच्यामधे डँपर स्प्रिंगा किंवा रबरं बसवलेली असतात. ती सैल झाली की गिअर आणि बास्केट एकमेकांवर आपटतात. लिव्हर दाबला की हबचं वजन सुटतं, आपटायला कारण उरत नाही, आवाज बंद. तुमचं वर्णन वाचून माझा पहिला संशय तिथेच जातो, प्लेटांवर नाही.

आता स्लिपचं बघू. खोलण्याआधी तीन गोष्टी सांगा. लिव्हरच्या टोकाला फ्री प्ले (केबल ताणली जाण्याआधीचा रिकामा प्रवास) किती आहे, ऑइल कुठलं आहे (डब्यावर जासो एमए किंवा एमए२ लिहिलंय का बघा, ते ऑइलमधे बुडालेल्या क्लचसाठीचं असतं), आणि टॉप गिअरमधे मध्यम आरपीएमला एकदम पूर्ण थ्रॉटल दिला तर काटा गाडीच्या वेगाबरोबर चढतो की आधी उडी मारून मग गाडी मागून येते.

#३ धूळपाटी
पाना यांना +१. एमबी लिहिलेलं ऑइल असेल तर आधी ते काढा, ते कोरड्या क्लचच्या स्कूटरसाठी असतं. कारचं ऑइल सुद्धा नको, त्यातल्या बऱ्याच ऑइलमधे घर्षण कमी करणारी द्रव्यं असतात आणि क्लचला नेमकं घर्षणच हवं असतं. ऑइलमुळे स्लिप होत असेल तर चांगल्या प्लेटा सुद्धा घसरतात आणि लोक उगाच त्या फेकून देतात.

#४ फिरस्ता_एकशेपन्नास
ऑइल एमए२ आहे आणि बदलून फार दिवस झालेले नाहीत. फ्री प्ले बघितला तर जवळजवळ शून्य! मॅन्युअलमधे १० ते २० मिमी दिलाय. केबलच्या खालच्या अ‍ॅडजस्टरवरून १५ पर्यंत आणला. आता स्लिप बरीच कमी आहे पण गेली नाही, गरम गाडीवर टॉपला थ्रॉटल दिला की काटा अजून उडी मारतो. खडखड आहे तशीच. केबल मोकळी आहे, कुठे तुटलेली तार नाही.

#५ पाना_दहाबारा
फ्री प्ले आपोआप शून्य झाला असेल तर बहुतेक प्लेटा झिजल्यात. प्लेटा पातळ झाल्या की प्रेशर प्लेट (सगळ्या प्लेटांना दाबून धरणारी वरची प्लेट) आत सरकते, तिच्याबरोबर पुश रॉड आणि रिलीज आर्म (केबलने ओढून क्लच सोडवणारी दांडी आणि तिचा हात) यांची जागा बदलते आणि केबलमधला सैलपणा खाल्ला जातो. मग लिव्हर सोडलेला असला तरी क्लच थोडा दाबलेलाच राहतो आणि घसरतो, घसरला की गरम होऊन आणखी झिजतो. म्हणून केबलवाल्या गाडीत प्ले आपोआप कमी होत चाललाय हे फार मोलाचं लक्षण आहे, हायड्रॉलिकवाल्यांना ते मिळत नाही कारण तिथे सिस्टीम स्वतःच जुळवून घेते. प्ले दिल्यावर सुद्धा स्लिप राहिली आहे त्यामुळे आता कव्हर काढावंच लागेल.

त्याआधी इंजिन बंद करून लिव्हरचा पिव्हट बोल्ट हलवून बघा. तिथलं भोक लांबट झालं असेल तर लिव्हरचा अर्धा प्रवास हलण्यातच जातो. स्लिपशी त्याचा संबंध नाही, पण क्लच पूर्ण सुटत नाही, न्यूट्रल पडत नाही, पहिला टाकताना धडाम् होतं, आणि लोक त्यासाठी इंजिन खोलून बसतात.

#६ चेनवाला_तीनपन्नास
मधेच लिहितो, प्रायमरी चेन असलेल्यांना उपयोगी पडेल. जुन्या बुलेटला प्रायमरी केस डाव्या बाजूला, तिचं ऑइल इंजिनपेक्षा वेगळं, आणि क्रँक ते क्लच दुपदरी चेन. जावा-येझदीला पण चेनच. इथे आवाजाचं गणित वेगळं आहे. चेन सैल झाली की हळू आरपीएमला केसवर आतून चापट्या मारल्यासारखा आवाज येतो आणि थ्रॉटल उघडझाप केला की गाडी हिसका देते. चेन सगळीकडे सारखी झिजत नाही त्यामुळे एकाच जागी बोट लावून टेन्शन बघू नका, इंजिन हळूहळू फिरवत सगळीकडे बघा आणि जिथे सगळ्यात जास्त ताण आहे तिथे मॅन्युअलमधला प्ले द्या. सैल जागेवर सेट केली तर घट्ट जागा क्रँकच्या बेअरिंगला ओढत राहते, ती दुरुस्ती क्लचपेक्षा फार मोठी आहे.

आणि जुन्या बुलेटची एक फुकटची टेस्ट. तिची किक गिअरबॉक्समधून, म्हणजे क्लचमधूनच इंजिनला जाते. कॉम्प्रेशनवर किक मारताना इंजिन न फिरता किक नुसती खाली घसरली तर बहुतेक क्लच स्लिप (किकचा रॅचेट गेलाय का तेही बघा).

#७ धूळपाटी
चेनवाला, ही टेस्ट धागाकर्त्याच्या गाडीवर चालेलच असं नाही हो. बऱ्याच नवीन इंजिनांत प्रायमरी किक असते, ती थेट बास्केटच्या गिअरला फिरवते, म्हणून गिअरमधे क्लच दाबून सुद्धा किक मारता येते. तिथे क्लच कितीही घसरत असला तरी किक ठणठणीत लागणार.

#८ चेनवाला_तीनपन्नास
बरोबर, म्हणूनच जुन्या बुलेटचं नाव घेऊन लिहिलं.

#९ रात्रपाळी_रायडर
माझं मत सरळ आहे. कव्हर काढतोच आहोत तर फ्रिक्शन प्लेटा, स्टील प्लेटा, स्प्रिंगा सगळं बदला, मोजत काय बसायचं. बास्केटला हात लावू नका, ती खडखड अशा इंजिनांना असतेच, वर्षानुवर्षं चालते.

#१० पाना_दहाबारा
रात्रपाळी, थोडी खडखड बऱ्याच इंजिनांना असते हे मान्य. पण मोजायचं कशासाठी तर कारण कळावं म्हणून. प्लेटा वेळेआधी जळाल्या असतील तर जळण्याचं कारण आत तसंच ठेवून नव्या टाकण्यात काय अर्थ? आणि बास्केटचे रिव्हेट सैल असतील तर ती वर्षानुवर्षं चालायची गोष्ट नाही, त्याचा तुकडा प्रायमरी गिअरच्या दातात गेला तर कव्हरला भोक पडू शकतं.

फिरस्ता, खोलण्याआधी कानाने अजून एक काम करा. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक क्लच कव्हरला आणि मूठ कानाला लावा. अनियमित खडखड असेल आणि आरपीएम जरा वाढवल्यावर विरत असेल तर डँपर. लिव्हर दाबल्यावर जाणारा आवाज जर खडखड नसून एकसारखी घरघर असेल तर गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं बेअरिंग, कारण न्यूट्रलमधे लिव्हर दाबला की तो शाफ्टही थांबतो. आणि ठराविक तालात टक टक येत असेल तर ताल मोजा. आयडल १२०० धरलं तर क्रँक सेकंदाला २० वेळा फिरतो, प्रायमरी रिडक्शन (क्रँकच्या किती फेऱ्यांना क्लचची एक फेरी) साधारण ३ धरलं तर क्लच सेकंदाला ६-७ वेळा. म्हणजे क्रँकच्या छोट्या गिअरचा दात दुखावला असेल तर टकटक इतकी जलद की वेगळी मोजता येणार नाही, मोठ्या गिअरचा असेल तर बऱ्यापैकी मोजता येते.

खोलताना काय बघायचं ते पण लिहून ठेवतो. ऑइल काढताना ड्रेन बोल्टचं चुंबक आणि जाळी बघा. काळा बारीक गाळ म्हणजे प्लेटांचं मटेरिअल, चुंबकाला न चिकटणारी राखाडी चमक म्हणजे बहुधा बास्केटचं अ‍ॅल्युमिनियम, चुंबकाला टोचणारे कण लागले तर गिअर किंवा बेअरिंगकडे बघा. तुमच्या इंजिनात क्रँकच्या टोकाला फिरता ऑइल फिल्टर असेल तर त्याचं झाकण उघडा, हा गाळ तिथे लेप बसल्यासारखा साठतो. नट सोडवताना गिअरच्या दातांत स्क्रू ड्रायव्हर अडकवू नका, हब धरायचं टूल वापरा. काही इंजिनांत क्रँकच्या नटाला उलटे आटे असतात, जोर लावण्याआधी मॅन्युअल बघा.

#११ फिरस्ता_एकशेपन्नास
खोललं. सगळं मोजून टेबलावर मांडलंय, आकडे देतो.

फ्रिक्शन प्लेटा ५, नवीन ३.० मिमी, मॅन्युअलची मर्यादा २.६, माझ्या सगळ्या २.८ च्या आसपास, म्हणजे पास! स्टील प्लेटा ४, त्यातल्या दोन निळ्या पडल्यात. सपाट काचेवर ठेवून फिलर गेज (फट मोजायची पातळ पाती) घातला तर त्या दोघींच्या खाली ०.२५ मिमीचं पातं जातं, मर्यादा ०.२ आहे. बाकी दोन सरळ आहेत. स्प्रिंगा चारही मर्यादेच्या अगदी काठावर, नवीनपेक्षा सुमारे १ मिमी आखूड. बास्केटच्या बोटांवर खाचा आहेत, नख अडकतं पण फार खोल नाहीत. मोठा गिअर फडक्यात धरून बास्केट पिळलं तर किंचित रिकामं हलतं, आणि मागच्या खिडकीतून एक डँपर स्प्रिंग बोटाने खुळखुळते. रिव्हेट घट्ट वाटतात. जाळीत काळा गाळ होता, लोखंडाचे कण नाहीत.

प्लेटा पास आहेत तर मग स्लिप का होत होती, हे मला कळत नाहीये.

#१२ पाना_दहाबारा
हा प्रश्न विचारलात म्हणून खरंच आनंद झाला, कारण बहुतेक जण "मर्यादेत आहे" म्हणून तिथेच थांबतात. मर्यादा एका प्लेटची असते, पण स्प्रिंगला सगळी चवड एकदम जाणवते. तुमची प्रत्येक प्लेट ०.२ ने पातळ झाली, पाच प्लेटांचे मिळून १ मिमी. चवड १ मिमीने कमी म्हणजे स्प्रिंग तेवढी कमी दबते. वर स्प्रिंगा स्वतः १ मिमी आखूड झाल्यात. एकूण २ मिमी दाब गेला. समजा नवीन असताना बसवल्यावर स्प्रिंग १० मिमी दबत होती, तर पाचवा हिस्सा जोर गेला, आणि प्रत्येक पार्ट वेगळा मोजला तर सगळे पास. त्यात फ्री प्ले शून्य, म्हणजे उरलेल्या जोरातलाही काही भाग रिलीज आर्म खात होता. टॉप गिअरला चढावर इंजिनचा पूर्ण टॉर्क बराच वेळ क्लचवर राहतो, खालच्या गिअरला गाडी लगेच वेग घेते आणि भार उतरतो, म्हणून तक्रार टॉपलाच दिसली.

निळा रंग म्हणजे घसरून घसरून आलेली उष्णता. त्यानेच त्या वाकल्या. वाकलेली स्टील प्लेट पूर्ण सुटतही नाही आणि सारखी चिकटतही नाही, त्यामुळे पहिल्या गिअरला सुटताना थरथर येते. ती जाणवायची का?

#१३ फिरस्ता_एकशेपन्नास
हो! गरम असताना सिग्नलवरून निघताना पुढचं टोक थरथरायचं, मला वाटायचं स्टिअरिंगचे कोन सेट (हँडलचे बेअरिंग) सैल आहेत.

#१४ रात्रपाळी_रायडर
पाना, चवडीचा हिशोब पटला. खाचांचं म्हणाल तर बारीक कानस मारून सपाट करा, मी नेहमी करतो आणि क्लच लोण्यासारखा सुटतो.

#१५ धूळपाटी
कानस मारायला हरकत नाही पण हद्द आहे. खाचेमुळे प्लेट बोटावर सरकताना अडकते, म्हणून क्लच झटक्याने सुटतो किंवा ओढून धरतो, तेवढं कानसेने सुधारतं. पण जेवढं अ‍ॅल्युमिनियम काढाल तेवढी प्लेटच्या कानाला आपटायला जागा वाढते आणि पुढची खाच आणखी लवकर पडते. शिवाय सगळ्या बोटांवर सारखंच घासावं लागतं, नाहीतर दोन-तीन बोटं सगळा भार घेतात. अर्धा मिमीच्या पुढे खाच असेल तर मी कानस हातात घेत नाही. हबच्या दात्यांवर पण बघा, स्टील प्लेटा तिथेही खाचा पाडतात आणि ते कुणी बघतच नाही.

#१६ पाना_दहाबारा
फिरस्ताच्या बाबतीत कानसेचा प्रश्नच उरत नाही. डँपर स्प्रिंग खुळखुळतेय, म्हणजे बास्केट गेलंय. गिअर आणि बास्केट रिव्हेटने जोडून एकत्रच येतं, तेच बदला, खाचांचाही निकाल लागेल. त्यासोबत बास्केटच्या मधला बुश आणि शाफ्टवरची स्लीव्ह बघा, बास्केट वरखाली हलत असेल किंवा बुशवर निळसर जळाल्याचा पट्टा असेल तर नव्या बास्केटला जुनी स्लीव्ह लावू नका. क्रँकच्या छोट्या गिअरचे दात उजेडात फिरवून बघा, दातांच्या अंगावर खड्डे पडलेले असतील तर जोडीनेच बदला, नवा मोठा गिअर जुन्या खराब छोट्या गिअरवर चालवला तर महिन्याभरात रडायला लागतो. काही इंजिनांत हे गिअर रंगाच्या ठिपक्यांनी किंवा अक्षरांनी जोडीने निवडलेले असतात, तसा ठिपका असेल तर तोच मागवा.

बसवताना: फ्रिक्शन प्लेटा रात्रभर इंजिन ऑइलमधे बुडवून ठेवा, कोरड्या बसवल्या तर सुरुवातीलाच जळू शकतात. स्टील प्लेटांची एक कड धारदार असते, सगळ्यांची धार एकाच बाजूला ठेवा. एका प्लेटचं भोक मोठं असून तिच्या आत पातळ वाटीसारखी जडर स्प्रिंग असेल तर तिची उलटसुलट बाजू आधी फोटो काढून ठेवा. स्प्रिंगचे बोल्ट समोरासमोर थोडे थोडे आवळा आणि टॉर्क पाना वापरा, ते छोटे बोल्ट आहेत, हातच्या अंदाजाने आवळले की हबचे आटे जातात. हबच्या नटाचा लॉक वॉशर नवीनच घ्या.

#१७ फिरस्ता_एकशेपन्नास
बास्केट, फ्रिक्शन प्लेटा, दोन वाकलेल्या स्टील प्लेटा, स्प्रिंगा, लॉक वॉशर आणि कव्हरचं पॅकिंग बदललं. स्लीव्ह आणि क्रँकचा गिअर चांगले होते, ठेवले. चढावर टॉपमधे पूर्ण थ्रॉटल दिला, काटा आणि गाडी सोबत चढतात. थरथर गेली. आयडलला आता टायमिंग चेनचा बारीक आवाज ऐकू येतो, आधी खडखडीत तो दबून जायचा. लिव्हर मात्र थोडा जड वाटतोय?

#१८ पाना_दहाबारा
मस्त! लिव्हर जड वाटणारच, जुन्या थकलेल्या स्प्रिंगांची सवय होती. फार जड असेल तर केबल कुठे कोनात वळली आहे का बघा. नव्या प्लेटा बसतात तेव्हा सुरुवातीला प्ले बदलतो, काही दिवस गाडी थंड असताना रोज बघा आणि १० च्या खाली जाऊ देऊ नका. पहिलं ऑइल नेहमीपेक्षा लवकर काढा.

#१९ नवा_सभासद_बाईक
धागा फार उपयोगी आहे. माझ्या गाडीत उलटं आहे, लिव्हर सोडलेला असताना शांत आणि दाबला की किरकिर. हे पण बास्केटच का?

#२० धूळपाटी
नाही, तुमचं बहुतेक रिलीज बेअरिंग. लिव्हर दाबल्यावरच त्याच्यावर भार येतो. इंजिन चालू, न्यूट्रल, लिव्हर अगदी हळू दाबत जा. फ्री प्ले संपून केबल ताणली जाते त्या क्षणाला आवाज सुरू झाला तर तेच. ते प्रेशर प्लेटच्या मधोमध असतं, बऱ्याच गाड्यांत कव्हर काढून स्प्रिंगचे बोल्ट सोडले की हातात येतं, बास्केटपर्यंत जावं लागत नाही. बोटावर फिरवून बघा, खरखर लागली की बदला, आणि पुश रॉडचं टोक जळून निळं पडलंय का तेही त्याच वेळी बघून घ्या.